फाटकाशी थांबणाऱ्या सुभद्राकाकू

रोज सकाळी साडेसहाला सुभद्राकाकू धाकट्या जावेच्या, शेवंताच्या, फाटकाला हात टेकून उभ्या राहत. हाक मारत नसत. पोटरीतली कळ ओसरेपर्यंत आत टक लावून बघत, मोठ्यानं खाकरत आणि पुढं चालू लागत. संभाजीनगरला सिडकोतल्या आमच्या गल्लीला वाटलं, वाटणीपासूनचा अबोला सुटला. कसला सुटतोय!

काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. काकूंना साखर होती, त्यात चाळीस वर्षांची तंबाखूची मिश्री. चार घरं चाललं की पोटरी आवळून यायची. शेजारीण म्हणून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "मिश्री बंद. रोज चाला. दुखलं की थांबा, कळ गेली की पुन्हा चाला. गोळ्या मात्र जन्मभर. हा आजार एकट्या पायाचा नाही. पाय वाचला तरी हृदयाला धोका राहतोच." काकूंनी त्यातला पाय तेवढा ऐकला. कारण आदल्याच दिवशी शेवंता हळदीकुंकवात चारचौघींत बोलली होती, "तिचा पाय कापावाच लागंल. मंग बसंल खाटंवर, माझ्या हातचं खात."

घरी येताच काकूंनी मिश्रीची डबी मोरीत उपडी केली. "तिच्या हातचं खाऊ व्हय मी? दोन पायांनी तिच्या दारावरून जाते का नाय, बघच तू!"

आणि गेल्या. पहिली कळ नेमकी शेवंताच्या फाटकाशी यायची. काही महिन्यांनी पायात बळ आलं, पार कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपर्यंत न थांबता जाता येऊ लागलं, तरी काकू फाटकाशी थांबतच.

"आता कुठं दुखतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"मला नाय, तिला दुखतंय."

मी पोट धरून हसले. खरं सांगायचं तर मलाही त्याची गोडी लागली होती.

मग एकदा शेवंतानं आतून टोमणा मारला, "चालती कशाची? गोळ्यांवर पळती!" त्या दिवसापासून काकूंनी गोळ्या सोडल्या. "बिनगोळीचं चालून दावते तिला," मला म्हणाल्या. डॉक्टरांचं सगळं बोलणं मी ऐकलेलं होतं. अडवायचं सोडून मी म्हणाले, "दाखवाच." ते अजून मला खातं.

दीड वर्षानं एका सकाळी काकू फिरून आल्या, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याशीच कोसळल्या. हृदयाचा झटका. दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत.

शेवंता आली, डोळ्यांना पदर लावून उशाशी बसली. धाकट्या जावेनं थोरलीच्या पाया पडायची रीत तिनं वाटणीनंतर मोडली होती. उचलायची वेळ झाली तेव्हाही ती लांबूनच हात जोडायला लागली. बायका म्हणाल्या, "असू द्या." मी असू दिलं नाही. मला शेवंताचा राग होता, माझाही होता, आणि माझ्यावर काढता येत नव्हता. काकूंच्या पायांवरची चादर मी वर सारली.

"शेवंताबाई, पाया पडा."

ती वाकली. एका पायाला हात लावून उठू लागली, तसा मी तिचा खांदा दाबला.

"दुसराही आहे."