उभ्या गाडीची ड्युटी

कुठल्याही घरात गेले की पाण्याचा ग्लास हातात यायच्या आधी कंट्रोलर मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि समोर ठेवायचे. टीपॉय असेल तर टीपॉयवर, नसेल तर सरळ फरशीवर. मग बैठक जमवून विचारायचे, "हं ताई, पहाटे चारपासून सुरू करू. चार ते साडेचार?"

समोरची बाई हसायची. "काका, चारला काय असणार? झोपलेले."

"छान. साडेचार ते पाच?"

असं अर्ध्या अर्ध्या तासानं दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत यायचं. आमच्या सर्व्हेचं कामच ते होतं. ठाण्यातल्या एका खाजगी संस्थेनं ते घेतलं होतं आणि मी तिथं सुपरवायझर होतो. हे गृहस्थ खोपटच्या बस डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरही सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणायचे. मी अर्थशास्त्राचा एम. ए., ते दहावी पास. त्यामुळे वयानं ते माझ्या वडिलांएवढे असूनही साहेब मी होतो.

माणसं दिवसभर काय करतात हे कशाला मोजायचं, असं तुम्हालाही वाटेल. ट्रेनिंगच्या दिवशी मी तेच समजावत होतो. देशाचा जीडीपी म्हणून जो आकडा आपण बातम्यांत ऐकतो, त्यात बहुतेक फक्त विकलं-विकत घेतलं जाणारं काम धरतात. घरात फुकट होणारं काम त्यात येत नाही, म्हणून ते वेळेत मोजून बघायचं. एवढं सांगून मी फळ्याकडे वळलो, तर मागच्या रांगेतून हात वर.

"साहेब, आमच्या डेपोच्या कँटीनमधले पोहे धरले?"

"हो. विकले ना."

"आणि बायकोनं डब्यात दिलेले?"

"कांदा, तेल, पोहे विकत आणले तेवढं धरलं. ते केले, त्याचं काही नाही."

"अरे! कँटीनवाल्याचे तर कच्चे असायचे."

वर्ग हसला. त्यांनी मात्र वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पुन्हा हात वर केला. "घोडबंदर रोडला दोन दोन तास गाड्या अडकतात. त्याचं काय करता?"

मी म्हटलं, मोटारवाल्यांनी जे ज्यादा पेट्रोल जाळलं ते आकड्यात आलं. प्रवाशांचे जे तास गेले ते कुणी वजा करत नाही.

"म्हणजे रस्ता मोकळा झाला तर देशाचं नुकसानच म्हणायचं," ते म्हणाले. चेष्टा करताहेत की खरंच विचारताहेत, ते मला कळलं नाही. पुढं लक्षात आलं की त्यांच्याकडे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

त्याच दिवशी सरावासाठी सगळ्यांना घरातल्या एका माणसाचा दिवस आठवून भरायला दिला होता. कंट्रोलरांनी बायकोचा घेतला. पहाटे साडेचारपासून सकाळी नऊपर्यंतचे कप्पे बारीक अक्षरात गच्च भरले होते: पाणी भरणं, डबा, देवपूजा, पोरीची वेणी. पुढं काही नाही. मी म्हटलं, "काका, अर्धाच राहिला."

"नऊला मी ड्युटीवर निघायचो, साहेब. पुढचं मला माहीत नाही." पेनाला टोपण लावत म्हणाले, "विचारायचं राहिलं. आता ती नाही. गेली तीन वर्षांपूर्वी."

मी तो कागद तसाच ठेवून घेतला. त्यावर शेरा काय मारणार?

त्यांची पद्धत कळावी म्हणून डोंबिवलीतलं एक घर सांगतो. मी सोबत गेलेलो. बाईंनी सकाळ भराभर सांगितली आणि दुपारी दोन ते चारला म्हणाल्या, "काही नाही. बसलेले."

उत्तरं भरायच्या टॅबवर 'आराम' असा पर्याय समोरच होता. माझं बोट गेलंही असतं. कंट्रोलर घड्याळाकडे बघत म्हणाले, "बसलेल्या, पण उठून बाहेर गेला असतात तर चाललं असतं?"

"छे हो, कशी जाणार? गॅसवाला येणार होता. सासूबाईंना तीनला गोळी. साडेतीनला धाकटीची व्हॅन, तिला खाली जाऊन घ्यावं लागतं. सोसायटीत कुणाच्या हाती सोडत नाहीत."

बाहेर पडल्यावर मला जिन्यात थांबवून ते म्हणाले, "डेपोत उभ्या गाड्या दोन प्रकारच्या असतात. एकीचा ड्रायव्हर सुटून घरी गेलेला असतो. दुसरीचा सीटवर बसून माझ्या शिट्टीची वाट बघत असतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पण उभ्या गाडीवरही ड्युटी असते, साहेब. ती मला लिहावी लागायची."

एम. ए.च्या दोन वर्षांत मला हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. मी घरी जाऊन उत्साहानं बायकोला विचारलं, "आज सहा ते साडेसहा काय केलंस?" ती म्हणाली, "आधी मशीनमधले कपडे काढ, मग विचार." हा प्रयोग तिथंच संपला.

पण या पद्धतीत वेळ फार जायचा. इतरांची दिवसाला पाच घरं व्हायची, यांची दोन. टॅब सगळं मिनिटांसकट वर कळवायचा आणि वरून मला फोन यायचे. मी त्यांना सुनावायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "गाडी वेळेआधी सोडली म्हणून कंट्रोलरला कुणी शाबासकी देत नाही. प्रवासी मागं राहतात." मी चहा मागवला.

मग कोपरीचं घर आलं. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक चाळिशीची बाई, तिचा भाऊ, भावजय आणि वडील. वडिलांना विसरायला व्हायचं. उमेदीत ते रोज बसनं कल्याणच्या बाजारात धान्याच्या गाळ्यावर कामाला जायचे. आता सकाळी दहा वाजले की कापडी पिशवी घेऊन निघायचे. एकदा स्टेशनपर्यंत गेले, एकदा रात्रीपर्यंत सापडलेच नाहीत. तेव्हा या बाईनं ऑफिसची नोकरी सोडली आणि दाराशी खुर्ची टाकली. दहा ते सहा ती त्या खुर्चीवर असायची. समोर टीव्ही चालू असायचा.

भावानं दारातच सांगितलं होतं, "मी आणि मिसेस जॉबला आहोत. ही घरीच असते, काही करत नाही." बहीणही तसंच म्हणाली. "काही नाही हो काका, बसून असते. मी उठले की बाबा जिना उतरतात, एवढंच."

कंट्रोलरांनी दहा ते सहाच्या सोळाही कप्प्यांत 'आजारी माणसाला सांभाळणे' भरलं.

दोन दिवसांनी मला वरून फोन. आठ तास सलग सांभाळणं पटत नाही म्हणाले, औषध, जेवण, आंघोळ तेवढंच धरा. टीव्ही चालू होता ना? मग बाकीचं 'टीव्ही पाहणे' टाका. मी कंट्रोलरांना बोलावून तसं सांगितलं.

"टीव्ही चालू होता, खरं आहे," ते म्हणाले. "डेपोत लाउडस्पीकरही चालू असतो. म्हणून मी तीस वर्षं काय गाणी ऐकत होतो?"

"काका, एका फॉर्मनं काय होतंय?"

"त्या पोरीला नोकरी सोडावी लागली, साहेब. घरातले म्हणतात काही करत नाही. आता आपणही तेच लिहायचं? मी नाही बदलणार. तुमच्याकडे अधिकार आहे, तुम्ही बदला."

मी बदललं. खोटं कशाला बोलू? महिनाअखेर होती, दोनशे फॉर्म अडकले होते, आणि मला माझ्या नोकरीची काळजी होती. तेरा कप्पे मी 'टीव्ही पाहणे' केले. पाच मिनिटंही लागली नाहीत.

कंट्रोलरांना स्वतःचे फॉर्म पुन्हा उघडून वाचायची सवय होती. दुसऱ्या दिवशी ते आले, टॅब, चार्जर आणि गळ्यातलं ओळखपत्र माझ्या टेबलावर नीट ओळीनं ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "गाडी उशिरा आली तर मी उशिरा आली असंच लिहायचो," एवढंच म्हणाले. "तेव्हाही वरून फोन यायचे." आणि गेले.

त्यानंतर टीममध्ये घरं भराभर होऊ लागली. फॉर्म मी वाचायचो आणि प्रत्येक दुपारी अख्खा जिल्हा आराम करताना दिसायचा. मला लाज वाटायला लागली. महिनाभरानं तो कोपरीचा फॉर्म दुरुस्त करायला घेतला, तर तो बंद झालेला. वर गेलेल्या फॉर्मला आता कुणी हात लावू शकत नव्हतं. निदान त्या बाईंना भेटून सांगावं, म्हणून एका गुरुवारी दुपारी मी कोपरीला गेलो.

जिन्यातच त्या भेटल्या. खांद्याला पर्स, पायात चांगल्या चपला. मी ओळख सांगितली तर म्हणाल्या, "सर, आज नको हं. काका गुरुवारी दोन ते पाच बसतात ना, तेवढ्यात मी बाहेर जाऊन येते."

"कुठे जाता?"

"कुठे असं नाही. तलावपाळीला पाण्याकाठी एक चक्कर मारते. कधी नुसती बसून राहते." असं म्हणून त्या भरभर उतरून गेल्या. मी बाजूला होऊन बघत राहिलो.

वर दार उघडंच होतं. दाराशी खुर्चीवर कंट्रोलर. दिवाणावर म्हातारेबुवा, मांडीवर कापडी पिशवी, निघायच्या तयारीत.

"कल्याण लागली का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," कंट्रोलर म्हणाले, अगदी डेपोतल्या खिडकीतून सांगावं तसं. "लागली की सांगतो. बसा."

म्हातारेबुवा निवांत मागं टेकले. मुलीनं इतके महिने विनवण्या केल्या होत्या, भावानं दाराला कडी लावली होती. बस अजून आलेली नाही, हे त्यांना कुणी बसच्या कामातल्या माणसानं सांगितलंच नव्हतं.

मी उंबऱ्याशी उभा राहून म्हटलं, "काका, तो फॉर्म मी बदलला ते चुकलं. पुन्हा होता तसा करायला गेलो, पण आता होत नाही."

कंट्रोलरांनी माझ्याकडे बघितलं. ते काही बोलणार तेवढ्यात म्हातारेबुवांनी मला निरखून विचारलं, "तुम्ही कुठले?"

"कल्याणचा," मी म्हटलं. खरंच आहे ते.

"मग उभे का? तुमचीही हीच गाडी." त्यांनी पिशवी उचलून छातीशी धरली आणि सरकून मला दिवाणावर जागा करून दिली. मी बसलो. पाच वाजेपर्यंत आम्ही तिघंही तिथंच होतो.