त्याले मी दिसली पाहिजे

भूत, चमत्कार, अंगात येणं... यातलं काहीच मी मानत नाही. आमच्या घरात ते चालतही नसे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर देव्हारा आम्ही स्वतःच्या हातांनी रिकामा केला होता. म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

दीक्षेनंतरचा दुसरा की तिसरा उन्हाळा असेल. मी अमरावतीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो आणि सुट्टीत घरी, बार्शीटाकळीजवळच्या आमच्या खेड्यात आलो होतो. वस्तीत नवं विहार उभं राहत होतं – चार भिंती, वर टिनं. वस्तीतले जाणते गोविंदकाका म्हणाले, "मूर्ती येईल तेव्हा येईल. तू बुद्धाचं मोठं चित्र काढ."

माझा हात वॉटरकलरचा. ऑइलमधलं एवढं मोठं काम पहिलंच. आमच्याकडच्या उन्हात वॉटरकलर कागदावर टेकतो न टेकतो तोच सुकतो, पण ऑइल कितीतरी दिवस ओलं राहतं.

मागच्या खोलीत कॅनव्हास भिंतीला टेकवून मी काम करायचो आणि आई तिथंच बसून असायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा. रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा वास आला की ती ओळखायची – पोरगा कामाला बसला.

"डोळे कसे काढून राहिला?" तिनं एकदा विचारलं.

"मिटलेले. ध्यानातले."

"उघडे काढ ना रे बापू."

"काहून?"

"जनमभर देवळाबाहेरून, दुरूनच हात जोडले म्या. आतल्या देवाले मी कधी दिसली नसन. आता हा घरात आला, तर मलेच दिसत नाही. त्याले तरी मी दिसली पाहिजे."

पण मी ऐकलं नाही. ध्यानस्थ चेहरा गोविंदकाकांनाही हवा होता आणि मलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिटलेल्या पापण्या पुऱ्या केल्या, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले आणि जेवून तिथंच चटईवर आडवा झालो. दारात कडुलिंबाची सावली हलत होती. झोपेत, कुणीतरी हलक्या आवाजात बोलतंय असं वाटत राहिलं... ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते.

जाग आली तेव्हा आई चित्रासमोर बसून बोलत होती. गुडघ्याचं, विहिरीच्या पाण्याचं, माझ्या लग्नाचं. माहेरच्या माणसाशी बोलावं तसं.

मी चित्राकडे पाहिलं.

पापण्या वर गेल्या होत्या. अर्ध्याच. नजर खाली – ती बसली होती तिथं.

"आई, तू हात लावला काय चित्राले?"

"मी कायले लावू?" तिनं दोन्ही तळवे पुढे केले. रंगाचा ठिपकाही नव्हता.

"कोणी आलतं?"

"कोणी नाही."

"आई... डोळे उघडे आहेत."

"हो," ती सहज म्हणाली. "मघापासून पाहून राहिला ना."

मी बोट लावून पाहिलं. कपाळ चिकट, गाल चिकट. डोळे मात्र खडखडीत कोरडे – वर्षापूर्वी रंगवल्यासारखे.

संध्याकाळी गोविंदकाका आले. त्यांना सगळं सांगितलं. ते चित्राकडे बराच वेळ बघत राहिले.

"झोपेत तूच काढले असशील."

"ब्रश धुतलेले तसेच आहेत, काका. अन् रंग सुकला कसा?"

"ते मले नाही माहीत. पण बाहेर बोलू नको. उद्या लोक नारळ घेऊन येतील. हेच सोडून आलो ना आपण?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "डोळे परत मिटून टाकतो काय तू?"

मी ब्रश उचलला. आई चित्राशी बोलता बोलता थांबली. तिनं मान वर केली... आणि माझा हात पुढे जाईना.

"राहू दे," काकाच म्हणाले.

चित्र विहारात लागलं. पुढे मी पुष्कळ चेहरे रंगवले, तसे डोळे पुन्हा जमले नाहीत. झोपेत रंगवले म्हणावं, तर ते एका दुपारात सुकले कसे? रंग लवकर सुकवणारं औषध मी वापरलं नव्हतं, तेव्हा माझ्याकडे ते नव्हतंच. चमत्कार म्हणवत नाही, दुसरं काही सुचत नाही. आजही नाही.

आई शेवटपर्यंत रोज विहारात जायची. दारापाशी आली की थांबायची. केस सारखे करायची, पदर नीट घ्यायची... आणि मगच आत पाऊल टाकायची.