रबरी स्लीपर आणि डोळ्याचे थेंब

९ जानेवारी. संध्याकाळचे थेंब टाकायचे होते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते, आणि त्यासाठीच त्या उंद्रीहून बुलढाण्याला आमच्याकडे आल्या होत्या. दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे, एकही वेळ चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दिवशी सकाळची आणि दुपारची वेळ चुकली होती. आता तिसरीही चुकणार असं दिसत होतं, कारण सासूबाईंनी डोळ्यावर आडवा हात धरला होता.

"दूर राह्य," त्या म्हणाल्या. "तुह्या हातात करंट आहे. जास्त करशील तं उद्याच्या एस्टीनं उंद्रीले जातो मी."

करंट होता, हे खरं. आदल्या संध्याकाळी पापणी उघडायला मी बोट नेलं आणि चट् झालं. ठिणगी इवलीशी, पण नुकत्याच ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ.

मी ब्लाउज शिवते. आमच्याकडच्या कोरड्या थंडीत सिंथेटिक अस्तर कात्रीला, हाताला, पदराला चिकटतं, हे माझ्या रोजच्या सवयीचं. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एकीवरचा विजेचा भार दुसरीवर जातो. पावसाळ्यात हवेच्या ओलीने तो आपोआप निघून जातो, हिवाळ्यात अंगावरच बसून राहतो. म्हणून अस्तर हातात घ्यायच्या आधी मी मशीनच्या लोखंडी पायाला हात लावते. हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वायरमन बोलवायला लावला.

त्याने भिंतीला, पलंगाला, बोर्डाला टेस्टर लावून पाहिला. "आजी, घरात कुठीच करंट उतरला नाही."

"मंग हिले लावून पाह्य."

त्याने हसत माझ्या कोपराला टेस्टर टेकवला. "वहिनीतबी नाही."

"तुहा टेस्टरच खोटा आहे," सासूबाईंनी निकाल दिला.

त्यांची भीती उगाच नव्हती. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला ओल्या पायांनी हात लावल्यावर माझे एक चुलत दीर कसे फेकले गेले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दीर वाचले, पण तेव्हापासून सासूबाईंचा नियम पक्का: करंटच्या कामाला पायात रबर, खाली कोरडं. त्यामुळे पहिली ठिणगी उडताच त्यांनी मला रबरी स्लीपर घालायला लावल्या होत्या आणि पलंगाभोवती प्लास्टिकची चटई अंथरून घेतली होती. मीही लग्नसराईच्या ब्लाउजांच्या घाईत विचार न करता ते केलं. सकाळी त्या चटईवरून स्लीपर घासत गेले, तर आदल्या दिवसापेक्षा मोठी ठिणगी उडाली. इतकं करूनही मी करंट मारते म्हटल्यावर सासूबाईंची खात्रीच पटली.

वायरमन गेल्यावर मी चहा आणला. त्यांनी गुबगुबीत ब्लँकेट अंगावरून ओढून काढलं, माझ्या हातातल्या स्टीलच्या ग्लासला हात लावला आणि चट्. या वेळी दचकले मी.

"आत्याबाई, आता तुम्ही मारला."

"म्या?" त्यांनी एका डोळ्याने स्वतःची बोटं निरखली. "म्हणजे माह्यातबी आहे?"

"हाव. ब्लँकेटातून आला."

"अवं बाई. या वयात." त्या बऱ्यापैकी खूश झाल्या.

मग माझंही डोकं चाललं. मी म्हटलं, मोटारीचा करंट मागून येतच राहतो, म्हणून रबराने त्याची वाट अडवायची. हा नुसता अंगावर साचतो. त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे, आणि आपण तीच रबराने बुजवली.

"म्हणजे करंटच्या कामाले अनवाणी?"

"या करंटाले. तुमचेबी पाय फरशीवर पाहिजेत."

त्यांनी माझ्या पायातल्या स्लीपरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मोटारीपाशी तं जाशील नाही ना अशी?"

"नाही जाणार."

"मंग आधी हाताले लावून दाखव."

मी स्लीपर काढल्या, चटई गुंडाळली, फरशी ओल्या फडक्याने पुसली. त्यांनी पाय खाली सोडले. मी हाताला बोट लावलं. काही झालं नाही.

"आता नाकाले."

नाकालाही काही झालं नाही.

"डोळ्याचं सकाळी," त्या म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. दवाखान्यात फोन केला, तर सकाळी नक्की टाका, नाहीतर घेऊन या, असं उत्तर मिळालं.

सकाळी मी सुती साडी नेसले, ब्लँकेट काढून सुती गोधडी दिली, फरशी पुन्हा पुसली. हात धुतलेले होते म्हणून खिडकीच्या गजाला कोपर टेकवलं. सासूबाईंनी पाय फरशीवर ठेवले, पलंगाची कड घट्ट धरली आणि मान वर केली. मी अनवाणी उभी राहून पापणी उघडली आणि थेंब टाकला.