पालथा कागद

कुणीतरी माझा चेहरा भलत्याच बाईच्या उघड्या अंगाला जोडून गावच्या ग्रुपवर टाकला, म्हणून तक्रार द्यायला मी हट्टा गावाहून तालुक्याला गेले. पोलीस ठाण्यासमोर कडुलिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ अर्ज लिहून द्यायचे. कानावर पेन, मांडीवर लाकडी पाटी.

मी त्या फोटोची प्रिंट पुढं केली. त्यांनी न बघताच ती पालथी घातली आणि वर चष्म्याचं घर ठेवलं. तोवर दीर, शेजारी, प्रिंट काढणारा दुकानदार, सगळ्यांनी आधी "बघू, बघू" केलं होतं.

"बघितल्याशिवाय कसं लिहिणार, काका?"

"माय, तुमी सांगा, मी लिवतो. बघायचं काय काम हाये?"

अर्ज झाल्यावर त्यांनी ती प्रिंट तशीच पालथी पाकिटात सरकवली, डिंक लावला, चिकटवलेल्या जागेवर माझी सही घेतली आणि वर लिहिलं, 'फक्त तपासासाठी उघडावे.'

मी म्हणाले, "सरकार मोबाईलच्या गुन्ह्यांसाठी नवा कायदा आणतंय म्हणे."

"आणून राहिलं तर चांगलंच हाये. टाकणाऱ्याला कलम लागंल. पण बघणाऱ्यायचं काय?"

मी ठाण्यात गेले. जमादारानं हात पुढं केला, "फोटो दाखवा."

मी पाकीट दिलं. त्यानं ती ओळ वाचली, सही पाहिली. मग पाकीट टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाला, "बसा ताई. सांगा."