वाईट बाईचं प्रकरण

छापखान्यात त्याला सगळे स्वल्पविराम म्हणायचे. तीस वर्षं तो तिथं प्रुफं तपासत होता, आणि बोलतानाही दर चार शब्दांनी थांबायचा. कुणी "जेवलास का?" विचारलं तरी आधी एक पॉज, मग उत्तर. लोक हसायचे. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढता काढता त्याचे केस पांढरे झाले, आणि बावन्नाव्या वर्षी त्यानं स्वतःची कादंबरी लिहून पूर्ण केली.

कादंबरी त्याच्याच घराची होती. तो सात वर्षांचा असताना आई घर सोडून गेली होती. कुलूप दुरुस्त करायला आलेल्या माणसाबरोबर. मागं राहिले अबोल वडील आणि वडिलांची धाकटी बहीण, आत्या. तिनं लग्न केलं नाही. त्याला वाढवलं, शाळेत घातलं, तापात उशाशी बसली. पाच वर्षांपूर्वी वडील गेले. आता घरात तो आणि आत्या, दोघंच.

हस्तलिखित त्यानं एका प्रकाशनाच्या संपादकबाईंना दिलं. बाई वयानं त्याच्याहून लहान, पण बोलायला फटकळ. महिन्याभरानं त्यांनी त्याला समोर बसवलं.

"वडील छान उतरलेत. घर दिसतं. पण ही आई कोण आहे?"

"म्हणजे?"

"तिला सर्दी होत नाही, कंटाळा येत नाही, चप्पल तुटत नाही. ती नुसती वाईट वागते. दिवसभर वाईट वागायला सवड कुणाला असते हो?"

तो नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबला. "ती तशीच होती."

"तुम्ही सात वर्षांचे होतात. तुम्हाला काय माहीत, ती कशी होती ते?"

तो तिथून उठला तो रागानंच. पण बाईंचे शब्द डोक्यातून जाईनात. वडील गेल्यावर आईचं एक कार्ड आलं होतं. दोन ओळी आणि खाली पत्ता. आत्यानं ते फाडलं नव्हतं, डब्यांच्या फळीवर कागदाखाली सरकवून ठेवलं होतं, हे त्याला माहीत होतं. एका रविवारी त्यानं ते काढलं आणि "कामासाठी बाहेरगावी चाललोय" असं सांगून सकाळची बस धरली.

पाच तासांचा प्रवास. पत्ता बाजारामागच्या एका बोळातला निघाला. कपाटाएवढं दुकान, भिंतभर टांगलेल्या किल्ल्या, आणि काउंटरमागं पंचाहत्तरीची एक बाई कानशीनं किल्ली घासत बसलेली. बोटांच्या पेरांत पितळेचा चुरा. तिनं मान वर केली, त्याच्याकडं बघितलं आणि कानस खाली ठेवली.

"बापासारखाच वाकून चालतोस," ती म्हणाली. "बस. तेवढी एक किल्ली द्यायची आहे. गिऱ्हाईक येईल."

तो स्टुलावर बसला. पंचेचाळीस वर्षांनी मुलगा समोर आला होता आणि ही बाई किल्ली घासत होती. घासताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून किंचित बाहेर येत होती. अवघड वाक्य तपासताना त्याचीही यायची, आणि छापखान्यात त्यावरून थट्टा व्हायची. त्याला ते मुळीच आवडलं नाही.

"तुम्ही एकट्याच असता?" त्यानं विचारलं.

"आईला तुम्ही म्हणतात होय रे?" मग तिनंच आवरतं घेतलं. "म्हण बाबा. हे गेले त्याला आठ वर्षं झाली. तू कशाला आलास?"

"मी पुस्तक लिहितोय."

"माझ्यावर?"

"तुमच्यासारख्या एका बाईवर."

"मग त्या बाईलाच जाऊन विचार की." ती हसली, आणि हसताना तिला खोकला आला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "विचार."

त्यानं बसमध्ये प्रश्न मनाशी घोकले होते. तोंडातून एकच निघाला. "बाबांनी तुम्हाला मारलं होतं का?"

"छे. बोटसुद्धा लावलं नाही. भला माणूस. पण अकरा वर्षांत त्यानं मला एक प्रश्न विचारला नाही. कशी आहेस, काय हवंय, काही नाही. घरातल्या खांबाला तरी माणूस टेकतो."

"आणि मी?"

तिनं किल्ली उजेडाकडं धरून बघितली. "तुला आत्या नीट सांभाळेल, हे मला ठाऊक होतं. आणि तुला घेऊन निघाले असते, तर चार दिवसांत परत यावं लागलं असतं. मला परत यायचं नव्हतं."

"पस्तावा नाही झाला?"

"आठवण यायची. फार यायची. पस्तावा नाही झाला. खोटं कशाला बोलू?" तिनं हात फडक्याला पुसले. "लाज मात्र एका गोष्टीची वाटते. त्या दिवशी स्टँडवर पोचले आणि इतकी भूक लागली म्हणून सांगू. तू तिकडं शाळेत, आणि मी इकडं दोनदा वाढून घेऊन जेवले. हे मी यांनासुद्धा कधी सांगितलं नाही."

गिऱ्हाईक आलं, किल्ली घेऊन गेलं. तिनं त्याला जेवायला थांब म्हटलं. तो थांबला नाही.

पुढचे चार महिने त्याच्याच्यानं एक ओळ लिहवेना. लेखणी हातात घेतली की संतापानं हात जड व्हायचा. ती रडली असती, पाया पडली असती, तर सोपं होतं. शेवटी एका सकाळी त्यानं फक्त जेवण लिहिलं. स्टँडवरचं बाक, ताट, आणि घाईघाईनं जेवणारी तीस वर्षांची बाई. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात. लिहिताना त्याला तिची कीव आली नाही, पण तिच्या घशाखाली उतरणारा घास त्याला कळला. मग बाकीचं प्रकरण आठवड्याभरात झालं.

संपादकबाईंनी वाचलं. "मला ही बाई आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण आता ती रस्त्यात भेटली तर मी ओळखेन."

आत्याला आता वाचायला दिसत नसे. म्हणून त्यानं दुपारी चहा झाल्यावर तिला ते प्रकरण वाचून दाखवलं. तू गेला कुठं होतास, हे तिनं विचारलं नाही. तिला ते केव्हाच कळलं असावं. ऐकून झाल्यावर ती ताठ बसून राहिली.

"तिला जिवंत केलंस," ती म्हणाली. "आणि मी रे? तुझ्या पुस्तकातली आत्या आजारी पडत नाही, चिडत नाही. नुसती वाढतेय, धुतेय, उशाशी बसतेय. एवढी चांगली बाई मी तर कुठं बघितली नाही."

"पण तू होतीस तशी."

"मला मागणी आली होती. मी अठ्ठावीसची. शाळेतला मास्तर होता. त्याला तू चालणार नव्हतास. दादा म्हणाला, तू जा, मी बघतो पोराचं. मी नाही गेले." तिचा आवाज चिरका झाला. "त्यानंतर वर्षभर मला तुझं तोंड बघवत नव्हतं. तू झोपलास की तुझ्याकडं बघून म्हणायचे, हा नसता तर. तुझा डबा भरताना म्हणायचे. तुला कधी कळलं?"

त्याला कळलं नव्हतं. त्या वर्षीचे डबे त्याला आठवले. सगळे वेळेवर, भरलेले. ही समोर बसलेली म्हातारी त्याला पहिल्यांदाच नुसती आत्या न वाटता वेगळीच कुणीतरी बाई वाटली.

"हे लिहू?" त्यानं विचारलं.

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ही खरी आहे."

"मग लिही. पण मला वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही."

कादंबरी पुढच्या वर्षी निघाली. फार खपली नाही, पण ज्यांनी वाचली त्यांनी त्या दोन बायकांबद्दल त्याला पत्रं लिहिली. एक प्रत त्यानं बाजारामागच्या बोळात पाठवली. उत्तर आलं नाही.

आत्याचं प्रकरण त्यानं तीन दुपारी वाचून दाखवलं होतं. ती मध्ये एकदाच रडली, आणि एकच दुरुस्ती करायला लावली. त्यानं मास्तर उंचापुरा दाखवला होता.

"बुटका होता," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "पण दिसायला बरा होता हो."