न चालवता पाहायची फाइल

लोणारच्या शाळेत आम्ही दोघं मास्तर. शाळा सुटली की मित्राच्या घरी, त्याच्या संगणकावर, मराठी शाळांसाठी फुकट सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधायचो. पॅकेज म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेले तयार भाग, यांचं एक गाठोडं. प्रोग्रामची तयार फाइल माणसाला वाचता येत नाही. ती कोणत्या लायब्ररी मागते हे पाहायला आमच्याकडे दोन साधनं होती. ऑब्जडम्प फाइल नुसती वाचायचं, पण ओळींचा ढीग टाकायचं. एलडीडी चटकन नेमकी यादी द्यायचं, मात्र कधी कधी ती फाइलच चालवून.

अनोळखी फाइलला एलडीडी लावायचं नाही, हा मित्राचा नियम.

"बैलाचे आधी दात पाह्यतेत बे, आल्या आल्या जुंपत नाहीत."

"दात पाहता पाहता म्हातारा होईन तुहा बैल," मी म्हणायचो.

त्याची बायको नुकतीच गेली होती. आजारपणातही तिनं आमच्या बालवाडीच्या बोलक्या प्रोग्रामसाठी शब्द वाचून दिले होते. पऱ्हाटी, बोर, आभाळ. तिचा आवाज तेवढाच उरला होता, त्याच संगणकात. दुसरी प्रत अजून काढली नव्हती.

एका संध्याकाळी तो चहा करायला आत गेला. कुणीतरी पाठवलेल्या सीडीवरची एक फाइल तपासायची राहिली होती. मी एलडीडी लावलं. यादी आलीच नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला. फाइल चालली हे मला उमगलं तोवर मित्राचं सगळं फोल्डर, बायकोच्या आवाजासकट, पुसलं गेलं होतं. मी तसाच बसलो होतो, आणि लाइट गेली.

तो कप घेऊन आला. "काऊन बे, गेली काय?"

"हाव. काम चालू असतानाच."

लाइट आल्यावर त्यानं फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं.

"लाइटच्या झटक्यानं डिस्क बिघडली असंन," मी म्हणालो.

"बायको म्हणे मले, लाइट जाते, संगणकाले बॅटरी घेऊन टाका. मीच नाही घेतली."

पुढे त्यानं बॅटरी आणली. जपण्यासारखं संगणकात काही उरलं नव्हतं, तरी आणली. लाइट गेली की ती पिकपिक वाजायची, आणि तो हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहायचा. मी शेजारीच असायचो.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. बॅटरी असती तरी वहिनीचा आवाज राहिला नसता. एवढं एकच वाक्य मला त्याला सांगायचं होतं.