रस्त्याकडच्या ओळी

"मॅडम, रिपोर्ट उलटा बनवलाय तुम्ही!" सलीमभाई फोनवर तडकलेच होते. "विमलकाकूंच्या बागेचा पुढचा भाग एकदम फर्स्टक्लास आहे. परवाच स्वतः बघून आलोय. आणि तुम्ही तोच आजारी दाखवताय?"

सलीमभाई एका द्राक्ष निर्यातदाराचे फील्ड मॅनेजर. मी नाशकात बसून उपग्रहाची चित्रं वाचते आणि अशा कंपन्यांना बागांची तब्येत कळवते. विमलकाकूंचा माल यंदा पहिल्यांदाच परदेशी जाणार होता. चित्रात आजारी भाग मी लाल दाखवते; हा लाल डाग खोटा असेल तर बाग उगाच निर्यातीच्या यादीतून उडणार होती. खरा असेल आणि कुणी ऐकलं नाही, तर माल ऐन तोडणीला हातचा जाणार होता.

आमचं तंत्र हायपरस्पेक्ट्रल. नाव भारी, काम सरळ. साधा कॅमेरा उजेडाचे तीन रंग पकडतो. हा शेकडो बारीक छटा वेगवेगळ्या पकडतो, डोळ्यांना न दिसणाऱ्यासुद्धा. पानातलं पाणी घटलं की त्यातल्या काही छटा बदलतात. पान दिसायला हिरवंगार असतं, तेव्हाच. इतकी वर्षं झाली, मला अजून याचं अप्रूप वाटतं.

"चला, बघूनच येऊ," मी म्हटलं. आम्ही दिंडोरीला निघालो.

रस्त्यावरून बाग दृष्ट लागावी अशी होती. विमलकाकू पदर खोचून उभ्याच. पुढच्या ओळींची पानं तहानलेली दिसतात, असं मी सांगताच त्या उसळल्या.

"माझ्या बागेत पाणी कमी? अगं बाई, या पुढच्या ओळींना तर मी डबल पाणी देते!"

"का पण?"

"का म्हंजे? साहेब लोक गाडीतून उतरतात, पुढच्या चार ओळी बघतात अन् जातात. मग पुढचंच नटवायचं ना! समदेच करतात."

सलीमभाई एकदम मोबाईलमध्ये गुंग झाले.

मी वेलीच्या बुडाशी खुरप्यानं उकरलं. काळ्या जमिनीत खाली नुसता चिखल. वेलीला पाणी ओढून देणारी बारीक पांढरी मुळी तपकिरी पडून कुजायला लागली होती. मुळं पाण्यात गुदमरलेली, म्हणून पानं तहानलेली. आम्ही तिघं बागेत उभे राहूनही ते दिसत नव्हतं. वरून जाणाऱ्या उपग्रहाला दिसलं होतं. मी मनातल्या मनात त्याला सलाम ठोकला.

काकूंचा चेहरा उतरला. "मीच मारली की गं यांना."

पण बसल्या नाहीत. स्वतः जाऊन ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि संध्याकाळपर्यंत पाणी काढायला चर खोदून घेतला. चूक कळल्यावर इतक्या पटकन हलणारी माणसं मी ऑफिसात फार पाहिलेली नाहीत.

"बाग यादीत राहू द्या," सलीमभाई हळूच म्हणाले. "पुढचं चित्र बघून ठरवू."

पुढच्या चित्रात डाग फिका झाला, त्याच्या पुढच्यात जवळजवळ गेला. काही वेली वाचल्या नाहीत. बाकीचा माल कंटेनरमध्ये चढला, तेव्हा काकूंचा फोन आला. "गेली गं पोरी, माझी द्राक्षं जहाजानं गेली!" माझेही डोळे भरून आले.

सलीमभाई आता कुठल्याही बागेत उतरले की थेट मागच्या टोकाला जातात. ही बातमी पंचक्रोशीत पोचलेली दिसते, आणि डबल पाणीही मागे वळलेलं. कारण परवाच्या चित्रात मला शेजारच्या बागांच्या मागच्या ओळी लाल दिसल्या.